आगबोटींचा मार्ग आणि किनाऱ्याचें भाग्य

शाळेंतील भूगोलाच्या नकाशावर समुद्राचा निळा पृष्ठभाग कांहीं बारीक तुटक रेषांनीं कापलेला आपण सर्वांनींच पाहिला असेल. एका टोकाला मुंबई, तेथून एडन, पुढें सुएझ, पोर्ट सैद आणि शेवटीं लंडन. रेषेच्या कडेला मैलांचे आंकडे. परीक्षेपुरते ते आंकडे पाठ करून आपण नकाशा मिटला, आणि ती रेषाहि विसरून गेलों. वस्तुतः प्रत्यक्ष समुद्रावर अशी कोणतीहि रेषा नाहीं. लाट आली कीं जहाजाची खूण पुसून जाते. असें असूनहि या न दिसणाऱ्या रेषांनीं शहरें वसविलीं, गिरण्या उभ्या केल्या, आणि कांहीं जुनीं बंदरें ओसहि पाडलीं. नवा जलमार्ग सुरू झाला म्हणजे किनाऱ्यावर नेमकें काय घडतें, आणि एका बंदराचें भाग्य उघडत असतां दुसरें तसेंच कां राहतें, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. उदाहरणासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपली मुंबईच पुरेशी आहे.

प्रथम जलमार्गाचें अर्थशास्त्र थोडक्यांत पाहूं. समुद्रावर रस्ता बांधावा लागत नाहीं, हें जलवाहतुकीचें मोठें सुख. तथापि जहाज चालविणें स्वस्त नसतें. खलाशांचा पगार, इंधन, विमा आणि जहाजांत गुंतलेल्या भांडवलाचें व्याज हीं जहाज भरलेलें असो वा रिकामें असो, चालूच राहतात. म्हणून मालाचें भाडें ठरतें तें तीन गोष्टींवर: प्रवासाला दिवस किती लागतात, बंदरांत जहाज किती दिवस अडकून पडतें, आणि परत फिरतांना त्याला भरपूर माल मिळतो कीं नाहीं. ही तिसरी गोष्ट बहुधा लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. टांगेवाला लांबच्या गांवाला जातांना परतीच्या उतारूची जशी चौकशी करतो, तशीच जहाजाचा मालकहि करतो. ज्या बंदराच्या पाठीमागें परतीचा माल आहे, तेथें जहाज आपण होऊन येतें.

आतां मुंबईकडे वळूं. मुंबईचें बंदर निसर्गानेंच दिलेलें. खोल, रुंद आणि वादळापासून सुरक्षित. परंतु त्याच्या पाठीशीं सह्याद्रीची भिंत उभी. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येई. वाटेंत पाऊस गांठी, धूळ आणि काडीकचरा रुईंत मिसळे. इकडे समुद्राच्या बाजूनें पाहिलें तर विलायतेस जाणारें शिडाचें जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाई. त्या प्रवासाला चार-सहा महिने लागत. म्हणजे बंदर उत्तम, पण त्याच्या दोन्ही दारांपुढें अडसर, अशी स्थिति होती.

समुद्राकडील अडसर दूर करण्याचा पहिला यत्न मुंबईनेंच केला, हें अभिमानानें सांगण्यासारखें आहे. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ नांवाची आगबोट १८३० च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस येथून निघाली आणि एक महिन्याहून थोड्या अधिक दिवसांनीं सुएझला पोहोंचली. तेथून टपाल वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्रावर जाई व तेथें दुसऱ्या आगबोटीवर चढे. १८३९ मध्यें इंग्रजांनीं एडन घेतलें, तेंहि पुढें या मार्गावरील आगबोटींचें कोळसा भरण्याचें ठाणें झालें. या सोयीमुळें विलायतेचें पत्र मुंबईस महिना-दीड महिन्यांत मिळूं लागलें. साहेबलोकांना त्याचें केवढें कौतुक वाटलें असेल!

पण या नव्या मार्गानें मुंबईंत एकहि कारखाना उभा राहिला नाहीं. कां? तर पत्राची पिशवी उंटावर टाकून वाळवंट ओलांडतां येतें, कापसाच्या हजारों गासड्या तशा नेतां येत नाहींत. उंटावर चढवावयाच्या, पुन्हां उतरावयाच्या आणि दुसऱ्या जहाजांत भरावयाच्या म्हटलें तर कापसाच्या किमतीपेक्षां वाहतुकीचाच खर्च जड व्हावयाचा. उतारू आणि टपाल यांनीं मार्गाला कीर्ति मिळते. बंदर मात्र वाढतें तें जड आणि स्वस्त मालावर. आपला हा पहिला धडा आहे.

मध्यंतरीं एक विलक्षण प्रकार घडला. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरांत पैशाचा पूर लोटला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. शेअर घेण्यासाठीं लोकांनीं घरदार गहाण टाकलें. १८६५ मध्यें युद्ध संपतांच तो फुगा फुटला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. भाव चढला म्हणून आलेला पैसा आणि मार्ग सुधारला म्हणून आलेला पैसा यांत किती अंतर आहे, तें येथें दिसतें. पहिला पाहुण्यासारखा येतो आणि जातो. दुसरा, त्याची नीट व्यवस्था ठेवली तर, घरांत राहतो.

१८६९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १७ तारखेस सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई ते लंडन हा केपमार्गाचा प्रवास सुमारें १०,७०० सागरी मैलांचा. तो आतां सुमारें ६,२०० मैलांवर आला. परंतु केवळ मैल कमी झाले एवढ्यानेंच ही क्रांति पुरी होत नाहीं. लाल समुद्रांतील वारे शिडाच्या जहाजांना फार प्रतिकूल. त्यामुळें कालव्याचा खरा लाभ आगबोटींनाच मिळाला. केपच्या लांब वाटेवर आगबोटीचें पोट कोळशानेंच भरे, मालाला जागा उरत नसे. नव्या वाटेवर कोळशाचीं ठाणीं जवळजवळ होतीं. म्हणून कोळसा कमी आणि माल अधिक, असा हिशेब जुळला. युरोपाकडून येणाऱ्या बोटीला हिंदुस्थानचें पहिलें मोठें बंदर लागे तें मुंबई. तोंवर कलकत्त्याच्या मागें असलेलें हें शहर देशाचें दार बनलें.

परंतु हें दार उघडलें त्या वेळीं आंतून वाट तयार होती, ही या कथेंतील कळीची गोष्ट आहे. १८५३ मध्यें ठाण्यापर्यंत गेलेली आगगाडी १८६३ मध्यें भोर घाट चढली, १८६५ मध्यें थळ घाट चढली आणि १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचली. भोर घाटांतील बोगदे खणतांना पटकी, ताप आणि अपघात यांनीं हजारों मजुरांचे प्राण घेतले; आज खंडाळ्याची शोभा खिडकींतून पाहतांना त्यांची आठवण ठेवणें आपलें कर्तव्य आहे. त्यांच्या श्रमानें पाठीमागचा अडसर कालवा उघडण्यापूर्वींच निघाला होता. अमरावतीची गासडी आगगाडींत चढली कीं ती थेट समुद्रापाशीं उतरूं लागली. कालवा दहा वर्षें आधीं खुला होता, तर त्याचा लाभ मुंबईला एवढा खासच झाला नसता.

मार्ग आला, माल आला. आतां जहाजांचा बंदरांतील मुक्काम कमी करावयास हवा होता. तोंपर्यंत जहाजें बंदरांत दूर नांगरून राहत व पडावांतून माल काठावर येई. भरतीओहोटी आणि पावसाळा सांभाळून हें काम चाले. १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ मध्यें ससून डॉक, १८८० मध्यें प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्यें व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्यें अलेक्झांड्रा डॉक अशा गोद्या एकामागून एक बांधल्या गेल्या. येणाऱ्या बोटी कापड, यंत्रें आणि कोळसा आणीत. जातांना कापूस, गहूं व तेलबिया नेत. परतीचा माल भरपूर, म्हणून भाडें उतरलें. भाडें उतरलें, म्हणून माल आणखी वाढला. असें हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं तें आपल्याच गतीनें चालतें.

आणि मग गिरण्या. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली होती; परंतु खरी वाढ झाली ती कालव्यानंतर. यंत्रें लँकेशायरहून लवकर येऊं लागलीं, कोळसा स्वस्त पडूं लागला, आणि चीनच्या बाजारांत सूत पाठविण्यासाठीं बोटी मिळूं लागल्या. भांडवल येथील व्यापाऱ्यांचेंच होतें; कापसाच्या आणि, खरें बोलावयाचें तर, चीनबरोबरच्या अफूच्या व्यापारांत मिळविलेलें. शतक संपण्याच्या सुमारास शहरांत सत्तरांहून अधिक गिरण्या होत्या. गिरणगांव म्हणून जें जग आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं पाहिलें, तें असें निर्माण झालें.

आतां नाण्याची दुसरी बाजू. ज्या वाटेनें यंत्रें आलीं, त्याच वाटेनें मँचेस्टरचें कापडहि पूर्वींपेक्षां स्वस्त येऊं लागलें आणि आगगाडीनें तें खेड्यापाड्यांतील बाजारापर्यंत नेलें. हातमागावर बसणाऱ्या विणकराला नवा जलमार्ग म्हणजे वरदान वाटलें नसेल. आपलें कोंकणच पाहा. दाभोळ, जयगड, राजापूर, विजयदुर्ग, मालवण हीं एके काळीं नांवाजलेलीं बंदरें. राजापुरास तर इंग्रजांची वखार सतराव्या शतकांत होती. नवे जलमार्ग या बंदरांच्या समोरूनच जात होते. पण घाट चढून देशावर जाणारी आगगाडी त्यांच्या पाठीशीं नव्हती. मुंबईहून किनाऱ्यानें जाणाऱ्या आगबोटी कोंकणांत अवश्य येत. परंतु परतीचा माल म्हणून त्या काय नेत? आंबे, नारळ आणि माणसें. रत्नागिरी जिल्ह्याचा तरुण बोटीवर चढून गिरणींत दाखल होई आणि महिन्याकाठीं मनिऑर्डर गांवीं धाडी. कोंकणची आगगाडी पुरी होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. एकाच किनाऱ्यावर, एकाच समुद्रमार्गानें, एका बंदरास गिरण्या दिल्या आणि दुसऱ्या बंदरांचे तरुण त्या गिरण्यांकडे नेले. दोष मार्गाचा नव्हे. पाठीमागें काय होतें, याचा हा हिशेब आहे.

याहूनहि बोधप्रद अशी एक हकीकत मुंबईच्याच इतिहासांत आहे. १८९० च्या सुमारास मुंबईहून चीन-जपानकडे जाणारी वाहतूक पी. अँड ओ. व तिच्या जोडीच्या ऑस्ट्रियन व इटालियन कंपन्या यांच्या हातीं होती. त्यांनीं आपसांत संगनमत करून सुताचें भाडें चढें ठेविलें होतें. जमशेटजी टाटा यांनीं हें वर्चस्व मोडण्याचा निश्चय केला. १८९३ मध्यें ते स्वतः जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशीं करार करून आले. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्याच्या ७ तारखेस ‘हिरोशिमा मारू’ ही आगबोट कोबेहून मुंबईकडे निघाली. जपानच्या दूरच्या नियमित जलमार्गांपैकीं हा पहिला.

जुन्या कंपन्यांनीं लागलीच भाडें इतकें उतरविलें कीं माल जवळजवळ फुकट जाऊं लागला. येथें दोन किनाऱ्यांवर दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. मुंबईच्या पुष्कळ व्यापाऱ्यांना आजचें स्वस्त भाडें गोड वाटलें. ते जुन्या कंपन्यांकडे परत गेले आणि टाटांना आपल्या बोटी बंद कराव्या लागल्या. जपानांतील सूत कातणाऱ्या गिरण्यांच्या संघानें मात्र आपला कापूस निप्पॉन युसेनच्याच बोटींनीं आणण्याचा करार केला होता, आणि समोर स्वस्त भाडें दिसत असतांहि तो पाळला. शेवटीं १८९६ मध्यें जुन्या कंपन्यांना जपानी कंपनीशीं तडजोड करावी लागली. त्याच वर्षीं जपानी सरकारनें कच्च्या कापसावरील आयातकर उठविला आणि जहाजांना साहाय्य देण्याचा कायदा केला. १८९७ मध्यें जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षां अधिक झाली.

त्याच वेळीं आपल्याकडे काय चाललें होतें? १८९६ मध्येंच येथील सरकारनें हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर बसविला. लँकेशायरच्या कापडावर तेवढीच जकात होती, आणि हिंदी गिरण्यांना तिचा फायदा मिळूं नये म्हणून! हा कर १९२६ पर्यंत पुरता गेला नव्हता. शिवाय १८९६ सालींच मुंबईंत प्लेग आला आणि गिरण्यांतील माणसें गांवाकडे पळालीं. परिणाम असा झाला कीं जो मार्ग मुंबईच्या सुतासाठीं काढावयाचा होता, त्या मार्गानें मुख्यतः कच्चा कापूस जाऊं लागला. ओसाकाच्या गिरण्यांनीं आखूड धाग्याची आपली रुई इतर देशांच्या रुईंत कुशलतेनें मिसळून सूत काढलें. प्रथम जपानच्या आणि पुढें चीनच्याहि बाजारांतून मुंबईचें सूत मागें हटलें. ओसाकाला लोक ‘पूर्वेचें मँचेस्टर’ म्हणूं लागले. जपानी पेढ्या वऱ्हाड-खानदेशच्या पेठांतून कापूस खरेदी करूं लागल्या.

याची परिसीमा १९३३ मध्यें झाली. जपानी कापडाचा लोंढा थांबविण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें ब्रिटिशेतर परदेशी कापडावर ७५ टक्के जकात बसविली. जपानी गिरण्यांनीं उत्तरादाखल आपल्या कापसावर बहिष्कार घातला. ज्या शेतकऱ्यानें समुद्र कधीं पाहिलाहि नव्हता, त्याच्या कापसाचें काय होणार हें कोबे आणि ओसाका येथें ठरूं लागलें. १९३४ च्या जानेवारींत तडजोड झाली. जपाननें वर्षाला दहा लक्ष गासड्या घेतल्या तर त्यास साडेबत्तीस कोटी वार कापड येथें पाठवितां येईल. पंधरा लक्ष घेतल्या तर चाळीस कोटी वार. हा ठराव नीट ऐकावा. आपण द्यावयाची रुई आणि घ्यावयाचें कापड. जलमार्ग तोच, मैल तेच, बोटीहि त्याच. परंतु कामाची मजुरी, यंत्राचें ज्ञान आणि नफा हीं दुसऱ्या टोकाला राहिलीं.

यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? नवा जलमार्ग ही एक संधि आहे, दान नव्हे. त्या संधीचें रूपांतर उद्योगांत होण्यासाठीं तीन गोष्टी लागतात. बंदराच्या पाठीशीं मुलखांत दूरवर पोहोंचणारी स्वस्त वाहतूक. बंदरांत जहाज अडकणार नाहीं अशी सोय. आणि आलेल्या कच्च्या मालावर तेथेंच काम करणारे कारखाने, भांडवल व कसबी माणसें, ज्यांना आपल्या सरकारच्या धोरणाचा आधार आहे. पहिल्या दोन असल्या तर बंदर वाढतें. तिसरी असली तरच प्रांत वाढतो. १८६९ नंतरच्या मुंबईपाशीं पहिल्या दोन पूर्ण होत्या आणि तिसरी अर्धी होती; जपाननें तिन्ही जुळविल्या.

हा विचार जुन्या काळापुरताच नाहीं. मालाच्या पेट्यांचें, म्हणजे कंटेनरांचें, युग आल्यावर मुंबईच्या जुन्या गोद्या अपुऱ्या पडल्या आणि खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्यें सुरू झालें. त्या परिसरांतील जमिनी नव्या शहरासाठीं व बंदरासाठीं घेतल्या जात असतां १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरणच्या शेतकऱ्यांनीं आंदोलन केलें. गोळीबारांत पांच माणसें मृत्युमुखी पडलीं. पुढें घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचें तत्त्व मान्य झालें, तें या आंदोलनाचें फळ. बंदराचा हिशेब मांडतांना ज्यांची जमीन जाते त्यांचें खातें निराळें ठेवून चालत नाहीं, हें त्यांनीं आपल्या प्राणांनीं शिकविलें.

२०२४ च्या जूनमध्यें डहाणूजवळील वाढवण येथें नवें बंदर बांधण्यास केंद्र सरकारनें मान्यता दिली. खर्चाचा अंदाज सुमारें ७६,२०० कोटि रुपये आहे. किनाऱ्यालगतच सुमारें वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून अगदीं मोठीं जहाजें तेथें लागतील अशी अपेक्षा आहे. तेथील मच्छीमारांचा या बेताला दीर्घकाळ विरोध आहे. कारण ज्या पाण्यांत जहाजें यावयाचीं, त्याच पाण्यावर त्यांची चूल पेटते. दुसरीकडे, मार्ग कायमचा असतो हाहि भ्रम आहे. सुएझचा कालवा १९६७ पासून १९७५ पर्यंत बंद होता. आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां अनेक कंपन्यांनीं आपलीं जहाजें पुन्हां त्याच जुन्या केपच्या वळशानें नेलीं. दीडशें वर्षांपूर्वीं टाकलेली वाट अशी एकाएकीं जिवंत झाली.

म्हणून एखाद्या नव्या बंदराची वा मार्गाची वार्ता वाचली, तर जहाज किती मोठें येणार एवढेंच विचारून थांबूं नये. तें जहाज परत जातांना काय नेणार, हें विचारावें. रुई नेणार कीं कापड? माणसें नेणार कीं त्यांच्या हातची वस्तु? आणि ज्याचें शेत वा जाळें त्या बंदरासाठीं गेलें, त्याच्या मुलाला तेथें कोणतें काम मिळणार? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या किनाऱ्यावर समाधानकारक मिळतील, त्या किनाऱ्याला नकाशावरील ती तुटक रेषा खरोखरीच लाभली असें म्हणतां येईल.